इंग्रजीचा तास आणि चुकीच्या दारावरचा पहारा

नव्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि वहीत टिपणं काढायची, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. अशाच एका तासाला फळ्यावर शब्द होता 'होप'. मुलं बारा-तेरा वर्षांची, इंग्रजी बेताचं. शिक्षक उत्साही, आणि प्रशिक्षणात मिळालेला नियम त्याच्या मनात पक्का बसलेला: इंग्रजीच्या तासाला इंग्रजीशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. त्याने हात जोडून वर पाहिलं. मुलांनी आपापसांत 'प्रार्थना' असा अर्थ लावला. त्याने मान हलवली, फळ्यावर एक माणूस काढला, माणसाच्या डोक्यावर ढग काढला, ढगात सूर्य काढला. आता अर्धा वर्ग 'स्वप्न' म्हणत होता आणि उरलेला अर्धा 'हवामान'. मी घड्याळ पाहिलं, साडेसहा मिनिटं झाली होती. शेवटी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने शेजारणीच्या कानात 'आशा' म्हटलं, ते भराभर पसरलं आणि वर्ग सैलावला. शिक्षक तिच्याकडे वळून म्हणाला, "ओन्ली इंग्लिश, प्लीज!" साडेसहा मिनिटांत त्या खोलीत शिकवण्याचं काम एकाच व्यक्तीने केलं होतं आणि तंबी तिलाच मिळाली.

पुढचा प्रसंग मला त्याहून बोलका वाटला. शब्दार्थ संपले, जोड्यांनी संवाद करायची वेळ आली आणि शिक्षकाची घाई सुरू झाली. "चला, पुस्तकं मिटा. दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पाच मिनिटं आहेत. आवाज नको." अगदी घरच्यासारखं मराठीत. नियम मोडल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. 'होप' हा शिकवायचा मजकूर, म्हणून तिथे नियम लागू. जोड्या करणं ही नुसती व्यवस्था, ती कुठल्याही भाषेत चालते. तासानंतर मी हे त्याच्या नजरेला आणलं तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, वेळ वाचवला."

इंग्रजीच्या तासाला मातृभाषा असावी की नसावी, हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की दोन्ही बाजूंची पुढची वाक्यं आता मला आधीच सांगता येतात. एक बाजू म्हणते, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. दुसरी म्हणते, मुलांना कळलंच नाही तर शिकवून उपयोग काय? मग एखादा समंजस मध्यस्थ उभा राहतो आणि टक्केवारी सुचवतो: सत्तर टक्के इंग्रजी, तीस टक्के मातृभाषा. सगळ्यांच्या माना डोलतात, आणि दुसऱ्या दिवशी नवा शिक्षक वर्गात जाऊन पुन्हा ढगात सूर्य काढतो. औषध किती चमचे ते सांगितलं, पण पोटात घ्यायचं की जखमेवर लावायचं हे सांगितलंच नाही, तर रोग्याने करायचं काय?

मातृभाषा किती वापरावी हा प्रश्न दुय्यम आहे, ती कुठे वापरावी हा खरा प्रश्न, असं माझं म्हणणं आहे. आणि मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत ती नेमकी उलट्या जागी असते. जिथे तिच्या एका शब्दाने काम झालं असतं तिथे बंदी. आणि जिथे इंग्रजी खरोखर कामाला लावता येते, म्हणजे सूचना, विनंती, तक्रार, थट्टा, वेळेची घासाघीस, तिथे मातृभाषेला मोकळं रान. पहारा आहे, पण भलत्याच दारावर.

बंदीवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा वेळेचा आहे आणि तो मला पुरता मान्य आहे. हिशेब करून पाहा. आठवड्याला ५ तासिका, प्रत्येक ४० मिनिटांची, वर्षाचे ३५ आठवडे धरले तर ७,००० मिनिटं होतात. म्हणजे ११६ तास आणि वर थोडी मिनिटं. घरातलं लहान मूल आपल्या भाषेच्या सहवासात जेवढा वेळ आठ-दहा दिवसांत घालवतं, तेवढा परकी भाषा शिकणाऱ्याला अख्ख्या वर्षात मिळतो. वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडत नसेल तर हीच त्याची सगळी शिदोरी. वर्गात ५० जण असतील आणि शिक्षक तासभर गप्प बसला, तरी ४० मिनिटांत एकेकाच्या वाट्याला ४८ सेकंद येतात. असल्या टंचाईत एक मिनिटही दुसऱ्या भाषेवर का उधळायचं?

प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो बंदीच्या बाजूने जातो हे गृहीत धरलेलं असतं. त्या साडेसहा मिनिटांत वर्गाच्या कानावर इंग्रजी किती पडली? मी मोजली होती. 'होप' हा शब्द नऊ वेळा, 'नो' सहा वेळा, 'लुक' चार वेळा. बाकी सगळा मूकाभिनय. मातृभाषेला दार बंद केलं की तिच्या जागी इंग्रजी येऊन बसते, असं आपण मानतो. प्रत्यक्षात तिथे बरेचदा शांतता, हातवारे आणि अंदाज येऊन बसतात. तोच अर्थ दोन सेकंदांत सांगून उरलेली सहा मिनिटं 'आय होप'ने सुरू होणारी वाक्यं करण्यात घालवली असती, तर त्या वर्गाने चाळीसेक इंग्रजी वाक्यं ऐकली आणि बोलली असती. टंचाई आहे म्हणूनच बंदी महाग पडते. दिसणाऱ्या, दाखवता येणाऱ्या शब्दांची गोष्ट वेगळी. 'विंडो'साठी खिडकीकडे बोट पुरतं, 'जंप'साठी उडी पुरते, तिथे भाषांतर करणं हा आळस. पण 'होप', 'अनलेस', 'इव्हन' हे शब्द हातवाऱ्यांनी सांगणं म्हणजे हौसेने केलेला छळ. आणि इतकं करून मुलांच्या हाती काय लागतं? शेवटी प्रत्येक जण मनात आपल्या भाषेतला एक शब्द त्यावर चिकटवतोच. बंदीने भाषांतर थांबत नाही, ते फक्त चोरून होतं. आणि चोरून केलेलं भाषांतर चुकलं तर ते तपासायला कुणी नसतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तोंडी पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार करणारे हॅरॉल्ड पामर, जे १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून गेले, त्यांचंही मत काहीसं असंच होतं: अधिकृत अर्थ दडवून ठेवल्याने चुकीचे अर्थ टळत नाहीत, उलट जन्माला येतात.

मग ही बंदी आली कुठून? एकोणिसाव्या शतकात युरोपात परक्या भाषा शिकवल्या जात त्या लॅटिनसारख्या: नियम पाठ करा, अपवाद पाठ करा, सुटी वाक्यं इकडून तिकडे भाषांतरित करा. आठ वर्षं फ्रेंच शिकलेल्याला फ्रेंच माणसाला रस्ता विचारता येत नसे. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटर या जर्मन अभ्यासकाने टोपणनावाने एक पत्रक काढून या पद्धतीवर आसूड ओढला. त्याआधी चारच वर्षं, १८७८ मध्ये, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मॅक्सिमिलियन बर्लिट्झने भाषांची शाळा काढली होती. त्याची गोष्ट अशी सांगितली जाते की त्याने निकोलस जोली नावाचा फ्रेंच सहायक नेमला आणि नेमल्यावर कळलं, या गृहस्थाला इंग्रजी येतच नाही. तेवढ्यात बर्लिट्झ आजारी पडला, वर्ग जोलीच्या गळ्यात आले, आणि काही आठवड्यांनी बर्लिट्झ परतला तर विद्यार्थी मजेत फ्रेंच बोलत होते. गोष्ट गोड आहे. पण तिच्यातले विद्यार्थी पाहा: स्वतःच्या हौसेने आलेले, पैसे मोजलेले. त्यावरून पन्नास जणांच्या सक्तीच्या वर्गासाठी नियम काढायचा? शिवाय या शोधाचा धंद्याला मोठा फायदा होता. विद्यार्थ्यांची भाषा येण्याची गरजच उरली नाही, की एकच शिक्षक आणि एकच पुस्तक कुठल्याही देशात पाठवता येतं. अडचणीतून निघालेली तोड पुढे तत्त्व म्हणून मिरवू लागली. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी शिकवण्याविषयी राष्ट्रकुल परिषद भरली. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ मध्ये त्या परिषदेमागची पाच गृहीतकं वेगळी काढून दाखवली आणि त्यांना सरळ भ्रम म्हटलं. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, हा त्यातला पहिला. आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्रजी, हा दुसरा. दोन्ही एकत्र ठेवले की त्यांचं नातं लपत नाही. ज्याला शिकणाऱ्यांची भाषा येत नाही त्याची उणीव पहिल्या नियमाने गुणात बदलते, आणि ज्याला दोन्ही भाषा येतात त्याची ताकद गुन्ह्यात.

मला इथे थांबवून कुणी म्हणेल, इतिहास सोडा, कॅनडाचं काय? विरोधकांचं हे उदाहरण खरंच वजनदार आहे. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजीभाषक पालकांनी आपल्या मुलांसाठी बालवर्गापासून सगळं शिक्षण फ्रेंचमधून सुरू करायला लावलं. प्रयोग यशस्वी झाला, देशभर पसरला, आणि 'बुडवून शिकवा' या मताला मोठा आधार मिळाला. पण त्या वर्गांत आत काय चालायचं? शिक्षिका फ्रेंच बोलायच्या, मात्र त्यांना इंग्रजी कळायची. सुरुवातीला मुलं इंग्रजीत उत्तर देत, ते त्या समजून घेत आणि पुढचं फ्रेंचमध्ये बोलत. मुलाच्या भाषेला तिथे कुलूप नव्हतं. दुसरं असं की दिवसभराचं शिक्षण त्या भाषेतून होतं. आपला प्रश्न रोजच्या ४० मिनिटांचा आहे. आणि तिसरी गोष्ट पुढे मेरिल स्वेन यांनी दाखवून दिली. वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये बुडालेल्या या मुलांना ऐकलेलं, वाचलेलं उत्तम समजत होतं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांना पुरेसं बोलायला आणि नेमकं बोलायला लावलं गेलं नव्हतं, असं स्वेन यांचं निदान. म्हणजे नुसतं पाण्यात पडून पोहता येतं, पण हात कसे मारायचे ते आपोआप सुधारत नाही.

हात कसे मारायचे, हे सांगताना मातृभाषा कामाला येते ती अशी. मराठी बोलणारा नवशिका हमखास म्हणतो, 'आय हॅव कम यस्टरडे'. शिक्षक वाक्य सुधारून देतो, मूल ते म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. का? त्याच्या मनात 'मी कालच आलोय' हे वाक्य आहे, आणि ते मराठीत अगदी बरोबर आहे. मराठीत 'आलोय'बरोबर 'काल' सुखाने नांदतो. इंग्रजीत 'हॅव कम'ला 'यस्टरडे' चालत नाही. ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा, 'काल'भोवती गोल काढा, अर्ध्या मिनिटात चूक कुठून येते ते दिसतं. एरवी पूर्ण वर्तमानकाळाची व्याख्या इंग्रजीतून तीन तास शिकवली तरी ते दिसत नाही, कारण दोष व्याख्येत नाही, शेजारच्या भाषेच्या सवयीत आहे. अरबी बोलणारा 'ही टीचर' म्हणतो, कारण त्याच्या भाषेत वर्तमानकाळी तिथे क्रियापद लागत नाही. रशियन आणि जपानी बोलणारे 'अ' आणि 'द' गाळतात, मराठी बोलणारेही गाळतात, कारण त्या भाषांत ते नाहीतच. प्रत्येक वर्गाच्या चुकांचा नकाशा त्या वर्गाच्या भाषेत आधीच आखलेला असतो. तो ज्याला वाचता येतो त्या शिक्षकाला तो मिटून ठेवायला सांगणं, याला पद्धत म्हणावं का?

पण आता दुसऱ्या छावणीकडेही वळायला हवं. मी इथवर जे लिहिलं ते वाचून तिथे आनंद झाला असेल, तर तो फार टिकायचा नाही. "आम्ही तर पहिल्यापासून मातृभाषेतच समजावतो" असं म्हणणाऱ्यांचे तास मी पाहिले आहेत. शिक्षक एक ओळ वाचतो, तिचा अर्थ सांगतो. पुढची ओळ, पुढचा अर्थ. मुलं इंग्रजी ओळ चालू असताना खिडकीबाहेर बघतात आणि अर्थ सुरू झाला की परत येतात. त्यांचं बरोबरच आहे. दोन सेकंदांत फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी डोकं कोण शिणवेल? तासाच्या शेवटी धडा सगळ्यांना कळलेला असतो आणि इंग्रजीचं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालेलं नसतं. याला मातृभाषेचा आधार म्हणत नाहीत, ही इंग्रजीच्या तासाला झालेली मराठी गोष्टवाचनाची तासिका.

भाषांतराशी माझं भांडण नाही, भांडण आहे ते शिक्षकाने करून दिलेल्या भाषांतराशी. रॉजर ॲस्कम या इंग्रज शिक्षकाने लॅटिन शिकवण्याची जी रीत सांगितली ती १५७० मध्ये छापली गेली. मुलाने लॅटिन उतारा स्वतःच्या भाषेत आणायचा. मग पुस्तक मिटायचं, तासभर जाऊ द्यायचा, आणि आपलाच तर्जुमा समोर ठेवून तो पुन्हा लॅटिनमध्ये न्यायचा. शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचं. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही युक्ती मी पाच ओळींच्या इंग्रजी उताऱ्यावर अनेक शिक्षकांना करून पाहायला लावली आहे. मुलं परतीच्या प्रवासात अडखळतात, 'द' कुठे होता, 'हॅड' का होता यावर हुज्जत घालतात, आणि मूळ उतारा उघडला की त्यावर तुटून पडतात. पहिल्या वाचनात ज्या शब्दावरून नजर घसरली होती त्याच्यावर आता दहा डोकी वाकलेली. मातृभाषा इथे भरपूर आहे, पण कष्ट सगळे इंग्रजीकडे जातात. कोमेनियसने १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या चित्रमय पाठ्यपुस्तकातही चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले होते आणि शेजारी शेजारी लॅटिन व जर्मन मजकूर ठेवला होता. दोन भाषा एका पानावर नांदू शकतात, ही कल्पना काही नवी नाही. मधल्या काळात ती बाद ठरवली गेली, एवढंच.

आता त्या दुसऱ्या दाराकडे. "पुस्तकं मिटा, जोड्या करा" हे इंग्रजीतच का सांगायचं? कारण वर्गातलं बाकी सगळं इंग्रजी लटकं असतं. पुस्तकातल्या संवादातला माणूस ज्या स्टेशनाचा रस्ता विचारतो ते स्टेशन नसतं, आणि उत्तर चुकलं तरी त्याची गाडी काही चुकत नाही. सूचनेचं तसं नाही. ती समजली तर बाक सरकतो, नाही समजली तर गोंधळ होतो. चाळीस मिनिटांत इंग्रजीचा खराखुरा परिणाम होतो असे क्षण एवढेच, आणि 'वेळ वाचवायला' आपण तेच मराठीत उरकतो. रोजच्या पंधरा-वीस सूचना वर्षभर इंग्रजीत दिल्या तर 'ओपन', 'टर्न टू', 'स्वॉप', 'विथ युअर पार्टनर' हे शिकवावंच लागत नाही, ते झिरपतं.

मात्र हे जमण्यासाठी नव्या शिक्षकाला 'इंग्रजीत बोला' एवढं सांगून भागत नाही. त्याची पहिली सूचना साधारण अशी असते: "ओके, सो व्हॉट आय वुड लाइक यू टू डू नाउ इज...", आणि मग पाच कामं एका दमात. वर्ग बघत राहतो, त्याला घाम फुटतो, तो मराठीवर येतो आणि ठरवतो की या मुलांना झेपणार नाही. मुलांचा दोष नव्हता, वाक्याचा होता. मी त्याला सांगते, उद्याच्या तासाच्या सूचना आज कागदावर लिही, प्रत्येकीत एकच क्रियापद. सगळे गप्प झाल्याशिवाय तोंड उघडू नकोस. कागद वाटायचे असतील तर सूचना आधी दे, कागद नंतर, कारण कागद हातात पडला की कान बंद होतात. आणि सांगण्याआधी दाखव: एका मुलाला पुढे बोलव, त्याच्याबरोबर पहिला प्रश्न स्वतः करून दाखव, मग म्हण "नाउ यू". 'समजलं का?' असं कुठल्याच भाषेत विचारू नकोस. त्याचं उत्तर जगभर 'हो' असंच असतं. त्यापेक्षा "हू आस्क्स फर्स्ट?" विचार. एवढं करूनही मागच्या कोपऱ्यातल्या दोघांना कळलं नसेल, तर त्यांच्या पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून मराठीत कुजबुजेल. कुजबुजू दे. तेवढी मदत त्यांची त्यांना करू दिली की शिक्षकाला सूचना मराठीत द्यायची गरजच उरत नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांब. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि बोलणाऱ्यांची संख्या वाढली. ते स्वतःच्या भाषेतले वर्ग होते. परक्या भाषेत मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर शोधायचं, ते इंग्रजीत बांधायचं आणि वर हसं होणार नाही ना हेही बघायचं असतं. अनेकदा ज्याला आपण 'इंग्रजी येत नाही' म्हणतो ते खरं तर 'दोन सेकंद कमी पडले' असं असतं. नव्या शिक्षकाला शांततेची भीती वाटते, हे मी समजू शकते. मागच्या बाकावर माझ्यासारखी कुणी वही घेऊन बसलेली असली की जास्तच.

उरले दोन आक्षेप. पहिला, वर्गात पाच वेगवेगळ्या भाषांची मुलं असतील किंवा शिक्षकाला त्यांची भाषाच येत नसेल तर? तर तिथे शिक्षकाने मातृभाषा वापरण्याचा प्रश्नच नाही, हे उघड आहे. पण शिकणाऱ्यांनी ती वापरण्याचा आहे. द्वैभाषिक कोश बाकावर ठेवू देणं, एका भाषेच्या दोघांना एक मिनिट आपसात अर्थ ताडून पाहू देणं, वहीत इंग्रजी शब्दापुढे स्वतःच्या लिपीत अर्थ लिहू देणं, यातल्या कशालाही शिक्षकाला ती भाषा यावी लागत नाही. जिथे इलाज नाही तिथली रीत, जिथे इलाज आहे तिथेही का लादायची, एवढंच माझं विचारणं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. अनुभवी प्रशिक्षक म्हणतात, "तुमचं तत्त्व बरोबर असेल, पण नव्या माणसाला तारतम्य शिकवता येत नाही. एकदा दार किलकिलं केलं की महिन्याभरात तास मराठीत जातो. म्हणून नियम कडक ठेवा, सैल तो आपोआप करेल." ही भीती खोटी नाही; किलकिलं दार सताड उघडं झालेलं मी पाहिलं आहे. विशेषतः शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी डळमळीत असेल तर मातृभाषा ही त्याची लपायची जागा होते, आणि हे कुणी मोठ्याने बोलत नाही. पण कडक नियमाने त्या शिक्षकाचं काय होतं? तो पर्यवेक्षक आल्यावर मूकाभिनय करतो आणि गेल्यावर गोष्टवाचन. पाळता न येणारा नियम माणसाला शिस्त लावत नाही, नाटक शिकवतो. त्यापेक्षा त्याला वर्गव्यवहाराची वीस-पंचवीस इंग्रजी वाक्यं उच्चारासकट घोटून द्या. तो स्वतः लपणार नाही. नवशिक्याला सोपा नियम हवा हे मला मान्य आहे. मग सोपाच द्या, पण योग्य दारावरचा. व्यवस्था इंग्रजीत. न दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ मातृभाषेत, एकदाच, आणि लगेच पुन्हा इंग्रजीत. जर्मन अभ्यासक वोल्फगांग बुट्झकाम याला सँडविच म्हणतात: इंग्रजी वाक्य, हळू आवाजात त्याचा अर्थ, परत तेच इंग्रजी वाक्य. इतकं तर कुणालाही लक्षात ठेवता येतं.

आणि मुलांना पहिल्या आठवड्यात एक वाक्य द्या: 'हाउ डू यू से अमुक इन इंग्लिश?' या वाक्याच्या पोटात मातृभाषेचा शब्द बसतो आणि दोन्ही बाजूंनी इंग्रजी. बंदीवाल्यांना हे वाक्य नियमभंग वाटतं, भाषांतरवाल्यांना अनावश्यक कसरत वाटते. मला तरी परकी भाषा शिकणाऱ्याच्या हाती देण्याजोगं याहून उपयोगी वाक्य ठाऊक नाही.

'होप'वाल्या शिक्षकाच्या तासाला मी दोन महिन्यांनी पुन्हा गेले. फळ्यावर 'अनलेस' होता. त्याने एक वाक्य म्हटलं, खालच्या आवाजात मराठी अर्थ सांगितला, वाक्य पुन्हा म्हटलं आणि पुढे गेला. जोड्यांची सूचना इंग्रजीत, एका मुलाला पुढे घेऊन. वर्गात चांगलाच गलका होता. मधल्या रांगेतला एक जण ओरडला, "सर, उसनं म्हणजे काय हो इंग्रजीत?" शिक्षक काहीच बोलला नाही, फक्त भिंतीवर लावलेल्या वाक्याकडे त्याने बोट दाखवलं. मुलाने दम घेतला. "सर, हाउ डू यू से 'उसनं' इन इंग्लिश?" शिक्षकाने 'बॉरो' सांगितलं. मुलाने जोडीदाराकडे वळून घाईघाईने वाक्य पुरं केलं: "ही बॉरोड मी हिज सायकल." मराठीत उसनं देणं आणि उसनं घेणं यांना शब्द एकच, इंग्रजीत दोन. चूक थेट तिथून चालत आली होती. शिक्षकाने मागच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं: आत्ता थांबवू, की बोलू देऊ? मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.